रास्त संताप आणि बनावट कागद

मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस खुले पत्र

महाशय,



खोट्या बातम्यांच्या बंदोबस्ताविषयी काही लिहावयाचे झाले म्हणजे ते सरकारला उद्देशून लिहिण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु पोलीस, परवाने आणि जाहिरातींची थैली ही तिन्ही ज्या हातात एकवटली आहेत त्याच हातात खऱ्याखोट्याचा शिक्काही द्यावा असे मला वाटत नाही, आणि समाजमाध्यमांच्या मालकांना लिहावे तर ते सातासमुद्रापार बसलेले, शिवाय आपण काही प्रसिद्ध करतो ही गोष्टच त्यांना मुळात कबूल नाही. राहता राहिलात आपण. आपणांस नाव आहे, कचेरी आहे, पडद्यावर चेहरा आहे, आणि आपल्या नावापुढे अद्यापि ‘संपादक’ हे पद लागते, ज्या पदाला बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले तेव्हापासून या प्रांतात काही एक उत्तरदायित्व चिकटलेले आहे. म्हणून ही कैफियत आपल्यापुढे मांडतो.

दिनांक १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरलेला असता, तेथे आलेल्या परगावच्या पाच माणसांस मुले पळविणाऱ्या टोळीतील समजून जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन कोंडले आणि त्या सरकारी चार भिंतींच्या आत त्यांचा जीव घेतला. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, सोलापूरकडून भिक्षा मागत आलेली. परक्या गावात जाऊन परक्या दारात उभे राहणे हीच ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका, त्यांना त्या दिवशी परकेपणाबद्दलच देहदंड मिळाला. त्याच सुमारास मालेगावात अशाच जमावाच्या तावडीतून पोलिसांनी मोठ्या शिकस्तीने काही जीव वाचविले. जीव वाचले म्हणूनच तो प्रसंग आज फारसा कोणाच्या ध्यानात नाही.

या हत्यांच्या मुळाशी जी अफवा होती ती मोबाइलवरून आलेली होती, आणि त्या वर्षी देशभर हिंडलेल्या ज्या चित्रफितींनी तिला बळ दिले त्यांपैकी एक तर मूळची कराचीतली. मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करावे या सद्‌हेतूने तेथील एका संस्थेने ती काढलेली होती: मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणाऱ्या एका मुलास उचलून नेतात, क्षणभराने परत आणून सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात. कोणी तरी एवढेच केले, की शेवट कापला. गल्ली खरी, मूल खरे, मोटारसायकल खरी; आणि ते सारे मिळून असे असत्य झाले की त्याच्या वाटेत बंगळूरपासून खानदेशापर्यंत जो परका आला तो संशयित ठरला. पुढे हे संदेश जिच्यावरून फिरले त्या संदेशसेवेच्या कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० च्या एप्रिलात, फार वेळा फिरलेल्या मजकुरापुरती, ती एकावर आणली.

यात आमचा काय संबंध, असे आपण विचाराल, आणि राईनपाड्यापुरते ते विचारणे गैर नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या देशात १८६७ च्या कायद्यापासून छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे झाले. राज्यकर्त्यांचा त्यामागचा हेतू काहीही असो, वाचकाला त्यामुळे एवढे कळू लागले की या मजकुराबद्दल कोणाची मानगूट धरावयाची. मोबाइलवरच्या मजकुराला अशी मुद्रणरेषा नाही. बिनबापाचा तो मजकूर हातात पडलेला मनुष्य, अगदीच निर्बुद्ध नसेल तर, क्षणभर साशंक होतो आणि ज्याला नाव आहे, चेहरा आहे अशा कोणाकडे तरी पाहतो. तो आपल्याकडे पाहतो. त्या क्षणी आपण काय दाखविता, यावर पुष्कळसे अवलंबून असते. आणि अनुभव असा आहे की त्या क्षणी आपल्या पडद्यावरच्या पट्टीवर बहुधा एक प्रश्नचिन्ह असते. ‘अमक्याच्या मागे तमक्याचा हात?’ ‘हा कट आहे का?’ विचारले तर म्हणता येते की आम्ही केवळ प्रश्न उपस्थित केला. धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द हळू उच्चारले, तेवढ्यानेच त्याचा भूमीला न टेकणारा रथ खाली आला. आपल्याकडे तेच कार्य हे प्रश्नचिन्ह करते, आणि रथ मात्र जेथल्या तेथे राहतो.

राईनपाड्यानंतर दोन वर्षांच्या आतच आपल्या प्रत्यक्ष अधिकारक्षेत्रातला प्रसंग आला. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदी चालू असताना, सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने पोलिसांच्या देखत ठार मारले. त्या भागात चोर हिंडत आहेत, मुले पळविणारे हिंडत आहेत, अशा वावड्या कित्येक दिवस उठत होत्या. गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. म्हणजे राईनपाड्याचाच हा दुसरा अंक होता, आणि तो तसा सांगितला गेला असता तर एका भयंकर रोगाचे निदान सर्व देशापुढे झाले असते. पोलिसांच्या हाताशी असलेला एक वृद्ध साधू जमावाच्या स्वाधीन होताना ज्यांनी पाहिला त्यांचे रक्त तापले, आणि ते तापणे सर्वथैव रास्त होते. न तापते तरच चिंता वाटावयास हवी होती. परंतु त्या रास्त संतापाला दोन दिवसांत एक पत्ता लिहून देण्यात आला. मारणारे अमुक धर्माचे असावेत अशी कुजबूज प्रथम मोबाइलवर झाली, मग तिने पडद्यावर प्रश्नाचे रूप घेतले, मग प्रश्नाने आरोळीचे. अखेर २२ एप्रिल रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांना, अनिल देशमुखांना, अटकेत असलेल्या १०१ जणांची यादी नावांनिशी प्रसिद्ध करून त्यात एकही मुसलमान नाही असे जाहीरपणे सांगावे लागले. फौजदारी गुन्ह्यातील आरोपींची गणना धर्मवार करून लोकांपुढे ठेवण्याची पाळी सरकारवर यावी, ही गोष्ट सरकारपेक्षा आपल्या व्यवसायाला अधिक लज्जास्पद आहे असे मी मानतो. त्या आरोळीत हिंदी आणि इंग्रजी वाहिन्यांचा आवाज मोठा होता आणि मराठीत पुष्कळांनी तुलनेने संयम दाखविला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु शेजाऱ्याच्या घरी अधिक गोंधळ होता, हा आपल्या घराबद्दलचा जबाब होऊ शकत नाही.

गडचिंचल्याच्या दोनच दिवस आधी, १४ एप्रिलला, टाळेबंदी वाढल्याचे कळताच वांद्रे स्थानकाबाहेर परप्रांतीय मजुरांची मोठी गर्दी लोटली. ती का लोटली याची उत्तरे अनेक होती, आणि पोटाला अन्न नसणे हे त्यांत पहिले होते. सकाळी एका मराठी वाहिनीने रेल्वेच्या अंतर्गत पत्रव्यवहारावरून खास गाड्या सुटण्याच्या शक्यतेची बातमी दिली होती. तिच्या वार्ताहराला अटक झाली, मग जामीन मिळाला. ती अटक मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते, कारण घाईने दिलेली बातमी आणि रचलेली बातमी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रचलेला भाग निराळाच होता: ज्यांनी त्या भुकेल्या गर्दीकडे पाहण्याऐवजी स्थानकाजवळच्या मशिदीकडे बोट दाखविले, त्यांच्यापैकी कोणाला कधी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

आणि तबलिगी जमातीचे प्रकरण. त्या वसंतात एका संमेलनाला आलेल्या लोकांवर साथीचा सगळा दोष कसा घातला गेला याची उजळणी मी करीत नाही. ते सर्वांच्या स्मरणात आहे. स्मरणात नाही ते पुढचे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी, एकोणतीस परदेशी नागरिकांवरच्या आणि काही भारतीयांवरच्या फिर्यादी रद्द केल्या, आणि तसे करताना मुद्रित व दूरचित्रवाणी माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा बनविण्यात आले, असा स्पष्ट अभिप्राय नोंदविला. निकाल महाराष्ट्रातला, न्यायाधीश महाराष्ट्रातले, फिर्यादी अहमदनगरच्या. पण त्या आठवड्यात वाहिन्यांना सवड नव्हती. एका नटाच्या मृत्यूचा तपास सर्वोच्च न्यायालयाने दोनच दिवसांपूर्वी केंद्रीय यंत्रणेकडे सोपविला होता आणि रात्रीची चर्चासत्रे त्यात बुडून गेली होती. त्या चर्चासत्रांविषयीही पुढे, १८ जानेवारी २०२१ रोजी, त्याच उच्च न्यायालयाला एक दीर्घ निकाल द्यावा लागला. म्हणजे एका अन्यायाचे प्रायश्चित्त घेण्यास वेळ मिळाला नाही, कारण दुसऱ्याची तयारी चालू होती.

याविषयी आपल्यापैकी कोणाशी बोलावे तर ठरीव उत्तर येते, की लोकांना हेच हवे असते. हे ‘लोक’ कोण, हे पाहण्यासारखे आहे. २०२० च्या सुमारास सगळ्या देशाची दर्शकसंख्या ज्या यंत्रांवरून काढली जात असे ती सुमारे ४४,००० घरांत बसविलेली होती. कोणत्या घरी कोणती वाहिनी किती वेळ चालू राहिली हे ते यंत्र टिपते, आणि त्या टिपणावरून जाहिरातींचे दर ठरतात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी असा आरोप केला की अशा काही घरांना विशिष्ट वाहिन्या चालू ठेवण्यासाठी पैसे चारण्यात आले. त्या खटल्याची पुढची वाटचाल हा स्वतंत्र विषय आहे, पण वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक क्रमवारी त्या वेळी जी थांबविण्यात आली ती २०२२ च्या मार्चपर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. हे दीड वर्ष माझ्या मते फार उद्‌बोधक आहे. लोकांना काय हवे हे सांगणारे यंत्र मुके होते, आणि तरीही पडद्यावरचा आरडाओरडा तसूभरही कमी झाला नाही. यावरून मला असे वाटू लागले आहे की लोकरुचीचे नाव पुढे केले जाते खरे, पण ज्याला आपण लोकरुची म्हणता ती पुष्कळ अंशी आपलीच सवय आहे.

या सवयीचा राजकारणाशी जो विवाह लागला आहे त्याची संतती आपण रोज पाहतो. ‘जनता विचारते आहे’ असे म्हणून जो निवेदक बोलू लागतो, त्याला पुराव्याचे ओझे राहत नाही. कारण जनता ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करता येत नाही, तिची उलटतपासणी होत नाही. सभेतल्या पुढाऱ्याचीही युक्ती हीच असते. सर्व जनता एकजीव आहे, ती माझ्या मुखाने बोलते, आणि जो माझ्याशी असहमत तो जनतेबाहेरचा, असे एकदा गृहीत धरले की न्यायालय, आयोग, जाणकार, आकडेवारी ही सारी अडगळ ठरते. पुढारी ते वाक्य संध्याकाळी सभेत बोलतो, आपण रात्री ते शीर्षक करता, सकाळी मोबाइलवर त्याची कात्रणे हिंडतात, आणि दुपारी पुढारी म्हणतो की पाहा, सगळीकडे हीच चर्चा आहे. या फेऱ्यात लोकमत कोठे घडले आणि कोणी घडविले हे शोधू जावे तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. कोणताही एक पक्ष यात अधिक दोषी आहे असे मी म्हणणार नाही. सत्तेवर असलेल्याला ही सोय अधिक मिळते, एवढेच.

आता ज्या प्रकरणासाठी मी मुख्यतः लेखणी उचलली त्याकडे वळतो. आपल्या व्यवसायाच्या इतिहासात बनावट मजकुराचे एक प्रकरण असे आहे की त्यातले आरोपी आज पुतळ्यांच्या रूपाने चौकाचौकांत उभे आहेत. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली, आणि वर्ष उलटते न उलटते तोच त्यांचे चालक, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, कोल्हापूरच्या प्रकरणात अडकले. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेड लागले आहे असे सांगून देखरेखीत ठेवण्यात आले होते, आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारात त्यांचा छळ होत आहे या समजाने सारे पुणे अस्वस्थ होते. अशा वेळी बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुढे आली; त्यांच्या आधाराने दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाणांवर प्रखर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी प्रसिद्ध केली, तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि सूट मिळून ते १०१ दिवसांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून सुटले.

या प्रकरणाचा विचार करताना लक्षात घ्यावयाचे ते हे, की या दोघांच्या हेतूत काडीचेही किल्मिष नव्हते आणि त्यांचा संतापही निराधार नव्हता. १८८३ च्या नाताळात अहमदनगर येथे, तशाच देखरेखीखाली असताना, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते दुर्दैवी महाराज मृत्यू पावले. तेव्हा महाराजांच्या जिवाला धोका आहे ही पुण्याची भीती पोकळ नव्हती हे दिसून आले. परंतु म्हणून ती पत्रे खरी झाली नाहीत. भीती खरी आणि कागद खोटा, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य होती, आणि नेमकी हीच अवस्था संपादकाला सर्वांत घातक असते. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही तिचा पुरावा आपण दहादा तपासतो. ज्या अन्यायाने आपले रक्त उसळले आहे त्याचा पुरावा हाती आला की तो आपल्याला पूर्वीच ठाऊक असल्यासारखा वाटतो. बनावट कागद करणाऱ्यांना हे तेव्हाही कळत होते. गडचिंचल्याच्या वेळीही कळत होते. तेथे संताप खरा होता म्हणूनच त्याच्या पाठीवर असत्याला बसता आले.

आणि दुसरे असे, की ज्या वेळी त्यांनी दिलगिरी छापली त्या वेळी लोकमत त्यांच्या विरुद्ध नव्हते, तर संपूर्णपणे त्यांच्या बाजूने होते. बचावासाठी वर्गण्या जमत होत्या. ज्यांचे यांच्याशी मतभेद त्या जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. सुटून आले त्या दिवशी स्वागताला लोटलेला समुदाय त्या काळी अपूर्व गणला गेला. अशा लोकप्रेमाच्या भरात ‘कागद बनावट असला तरी भावना खरी आहे’ असे म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. वृत्तपत्र बुडेल या भीतीनेही ते अडले नाहीत. पत्र बुडालेही नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ‘केसरी’ ज्या उंचीवर गेला ती सर्वांस ठाऊक आहे.

आपल्याला तुरुंगात जावयास कोणी सांगत नाही. आपल्यावरचा अंकुश आज इतका सैल आहे की त्याला अंकुश म्हणणे हीच अतिशयोक्ती होय: प्रेस कौन्सिलचा १९७८ चा कायदा छापील पत्रांपुरता, आपल्या चालकांनी स्वतः स्थापिलेल्या मंडळाचा जास्तीत जास्त दंड २०२३ साली एक लाख रुपये होता, ज्याविषयी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारले की एवढ्याशा रकमेने कोणावर परिणाम होणार. मला मोठा दंड नको आहे. दंड वाढला की तो जाहिरातींच्या हिशेबात एका ओळीने वाढेल, इतकेच. माझी मागणी वेळेपुरती आहे. जी बातमी चुकीची निघाली तिची दुरुस्ती, ती बातमी ज्या वेळी दिली होती त्याच वेळी, ज्या निवेदकाने दिली त्याच्याच मुखाने, जितकी मिनिटे दिली तितकीच मिनिटे आणि पट्टीवर तितक्याच मोठ्या अक्षरांत द्यावी. पहाटे दोन वाजता पडद्याच्या तळाशी मुंगीच्या पावलांनी सरकणारा मजकूर ही दुरुस्ती नव्हे. हे अशक्य आहे असेही नाही. त्याच मंडळाने २०२० च्या ऑक्टोबरात, मृत नटाच्या नावे रचलेले संदेश खरे म्हणून दाखविणाऱ्या एका हिंदी वाहिनीला, दंडासोबत पडद्यावर क्षमा मागण्याचा आदेश दिलेला आहे.

यावर एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. दुरुस्ती देताना मूळ असत्याचा पुनरुच्चार होतो आणि ज्यांनी ते ऐकले नव्हते त्यांनाही ते कळते, असे काही जाणते म्हणतात. हे खरे आहे. म्हणून दुरुस्तीची सुरुवात काय खरे आहे येथून व्हावी, खोट्याचे चित्र पुन्हा दाखवू नये, आणि चर्चेला चार भांडखोर बोलावू नयेत. व्हायरल मजकुराची शहानिशा करणारे कार्यक्रम आपल्यापैकी काहींनी चालविले आहेत आणि त्यांत काम करणाऱ्या तरुण वार्ताहरांचे कौशल्य कौतुकास्पद आहे; पण तेथे तपासला जातो तो परक्याचा मजकूर. आपल्याच वाहिनीने काल रात्री दिलेली बातमी त्या कार्यक्रमात आलेली मी अद्याप पाहिलेली नाही.

दुरुस्ती दिल्याने प्रेक्षक निघून जातील, ही भीती मात्र मला खरी वाटत नाही. जो प्रेक्षक केवळ संतापासाठी येतो तो आज ना उद्या याहून मोठा संताप देणाऱ्याकडे जाणारच आहे; त्याला धरून ठेवण्याची शर्यत कोणत्याही एका वाहिनीला जिंकता येण्यासारखी नाही, कारण तिच्यात मोबाइल नेहमी एक पाऊल पुढे असतो. त्याच्याजवळ नाही ते आपल्याजवळ आहे: नाव, पत्ता आणि कालचे बोलणे आज तपासले जाण्याची शक्यता.

आरंभ करावयाचाच तर औरंगाबाद खंडपीठाच्या त्या निकालापासून करता येईल. तो जाहीर दस्तऐवज आहे, उच्च न्यायालयाच्या दप्तरी उपलब्ध आहे, आणि ज्या वाहिन्यांनी त्या वर्षीच्या एप्रिलात त्या माणसांची नावे आणि चेहरे दाखविले त्यांच्या संग्रहात ती चित्रेही अद्याप असतीलच. या पत्राला आपल्यापैकी एकाने जरी उत्तर द्यावयाचे मनात आणले, तर ते मला टपालाने पाठविण्याची तसदी घेऊ नये. रात्री नऊ वाजता मी दूरचित्रवाणीसमोर असतो.



आपला,
एक प्रेक्षक